नोंदवहीतली ‘लाल मुंगी’: एका किनारी गावातल्या हुमल्यांचं वर्गीकरण आणि वावर

देवगड आणि मालवण यांच्यामधल्या एका किनारी गावाची लोक जैवविविधता नोंदवही दुरुस्त करायचं काम चालू होतं. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावातली झाडंझुडपं, जीवजंतू आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेली माहिती लिहून ठेवणं हे तिचं काम. कीटकांच्या पानावर मुंग्यांसाठी एकच ओळ होती: ‘लाल मुंगी. गावात सर्वत्र. झाडावर घरटे. चावते. उपयोग: नाही.’

ही ओळ अपुरी आहे हे लक्षात आलं ते एका वादामुळे. वरच्या वाडीतल्या एका बागायतदारांना, गाव त्यांना तात्या म्हणतं, आपल्या बागेतले हुमले, म्हणजे झाडावर पानांची घरटी विणणाऱ्या तांबूस मुंग्या, जाळून काढायचे होते. त्यांची तक्रार खोटी नव्हती. हापूसच्या कलमांवर चढायला गडी कुरकुरतात, घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) लावायला फांदी धरली की मनगटापर्यंत हुमले चढतात, आणि त्याच फांद्यांवर पिठ्या ढेकूणही दिसतो. ‘हे हुमलेच ढेकूण घेवन येतत, जाळून टाकूक व्हये,’ हे तात्यांचं ठाम मत. समितीतल्या एका वहिनींचं म्हणणं नेमकं उलट. त्यांच्या परसातल्या ज्या काजूवर हुमले आहेत त्याची पालवी ढेकण्याने (ही पिठ्या ढेकणाहून वेगळी, रस शोषणारी कीड) करपत नाही, शेजारच्या मोकळ्या काजूची करपते. दोघंही वर्षानुवर्षं पाहिलेलं सांगत होती. ग्रामसेवकांनी नोंदवही उघडली, पण तिच्यात निवाड्याला उपयोगी पडेल असा शब्दही नव्हता.

समितीने मला बोलावलं ते एवढ्यासाठी. माझ्यापुढे दोन प्रश्न होते. नोंदवहीतली ‘लाल मुंगी’ म्हणजे नक्की कोण? आणि ‘सर्वत्र’ म्हणजे कुठे?

पहिल्या प्रश्नासाठी एक साधी गोष्ट केली. गावातल्या लोकांना सांगितलं, तुम्ही जिला लाल मुंगी म्हणता ती दाखवा. जिथे बोट दाखवलं तिथून नमुने घेतले आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठेवले. एका नावाखाली चार वेगवेगळ्या मुंग्या निघाल्या, आणि एक असा प्राणी निघाला जो मुंगीच नव्हता.

वर्गीकरण पाहायचं तर रंग बाजूला ठेवावा लागतो. मुंग्यांत लाल, तांबूस, पिवळट हे रंग इतक्या वेळा वेगवेगळ्या कुळशाखांत आले आहेत की त्यावरून काहीच ठरत नाही. आधी कंबर पाहायची. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन? अंगणातल्या मातीतून, तुळशीवृंदावनाच्या पायथ्यापासून आणलेल्या मुंगीला दोन गाठी होत्या, मिशांना दहा पेरं होती आणि टोकाची दोन पेरं फुगीर होती. ही सोलेनोप्सिस जेमिनाटा. ती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची, माणसाच्या मालवाहतुकीबरोबर जगभर पसरलेली. तिला खरी नांगी असते आणि ती डंख मारते. म्हणजे गावच्या ‘देशी’ जीवांच्या नोंदीत एक परदेशी मुंगी बिनबोभाट राहत होती. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत गंभीर वाटतं, कारण परक्या जातीचा फैलाव कधी झाला हे कळायला जुन्या नोंदीच लागतात, आणि त्या नोंदीच अशा मिसळलेल्या असतील तर पुढच्या माणसाच्या हाती काही येत नाही.

दुसरी मुंगी ऐनाच्या झाडावरच्या काळपट, शेणकुटासारख्या घरट्यातली. तिचीही कंबर दोन गाठींची, पोट मात्र पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, आणि चिडली की ते पाठीवरून पुढे आणणारी. ही क्रेमॅटोगॅस्टर. हिच्याच घरट्यात भोक पाडून तांबूस सुतारपक्षी अंडी घालतो. ‘झाडावर घरटे’ हे जुन्या नोंदीतले शब्द हिलाही लागू पडत होते, हुमल्यांनाही.

तिसरी काजूच्या मुळाशी पालापाचोळ्यात वेड्यासारखी धावणारी, लांब पायांची पिवळट मुंगी, अॅनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस. हिच्या कंबरेला एकच गाठ, पण ती उभट. लांबून पाहणारा हिला सहज हुमला समजतो, कारण अंगकाठी तशीच सडपातळ. पण ती आकाराने हुमल्यांच्या मोठ्या कामकऱ्यांच्या निम्मीच असते आणि पानांची घरटी विणत नाही.

चौथे खरे हुमले. एकच गाठ, पण लांबट आणि बसकी, जवळजवळ नळीसारखी. बारा पेरांच्या लांब मिशा, मोठे डोळे, आणि जबड्यावर दहा किंवा त्याहून जास्त दात. पोटाच्या टोकाला नांगी नाही, तिथे केसांची झालर असलेलं बारीक भोक. त्यातून फॉर्मिक आम्ल फवारलं जातं. हुमला आधी जबड्याने कातडी पकडतो, मग पोट वळवून त्याच जागी आम्ल सोडतो, म्हणून चावा इतका झोंबतो. हे भोक ज्या उपकुळाची खूण आहे ते फॉर्मिसिनी. मुंगळेही त्यातच येतात. हुमल्यांची जात इकोफिला स्मॅरॅग्डिना.

आणि पाचवा? एका मुलाने मोबाइलवर काढलेला फोटो. हुमल्यासारखाच रंग, तशीच चिंचोळी कंबर. फोटो मोठा करून पाय मोजले तर आठ. हुमल्यांचं सोंग घेणारा तो उड्या मारणारा कोळी होता, मायर्माप्लाटा प्लॅटॅलिऑइडिस. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे उचलून धरतो. त्याच्या नराचे जबडे इतके लांब असतात की एखादा हुमला दुसऱ्याला तोंडात धरून चालला आहे असं वाटावं. असा कोळी हुमल्यांच्याच आसपास राहतो, त्यामुळे तो फोटो अप्रत्यक्षपणे हुमल्यांच्या वावराचा पुरावा ठरला. पण नोंद कोळ्याच्या पानावर गेली.

हुमल्यांच्या जातीचं नाव जुनं आहे. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्ये तिचं वर्णन केलं तेव्हा बहुतेक मुंग्या फॉर्मिका या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) टाकल्या जात. फ्रेडरिक स्मिथने १८६० मध्ये इकोफिला ही वेगळी प्रजाती केली. आज या प्रजातीत जिवंत जाती दोनच आहेत: आफ्रिकेतली लॉन्जिनोडा आणि आशिया-ऑस्ट्रेलियातली आपली. जीवाश्म मात्र डझनाहून जास्त जातींचे सापडले आहेत, त्यांतले कित्येक युरोपातले, जिथे आता एकही हुमला नाही. म्हणजे एके काळी खूप मोठं असलेलं हे घराणं आता उष्ण प्रदेशापुरतं उरलं आहे.

आपल्या भागातल्या मुंग्यांच्या अभ्यासाला मुंबईचा आधार मोठा. मुंबई इलाख्यातले वन अधिकारी रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ मध्ये इथल्या मुंग्यांवर लिहिलं. त्याच काळात स्वित्झर्लंडचे ऑगस्ट फोरेल भारतातून गेलेले नमुने तपासून नवनव्या जातींची वर्णनं करत होते. १९०३ मध्ये बिंगहॅम यांचा ब्रिटिश भारतातल्या मुंग्यांवरचा खंड आला, आणि ओळख पटवायला अजूनही अनेक जण तिथूनच सुरुवात करतात. मात्र या साऱ्यांनी शरीर पाहून वर्गीकरण केलं. २००६ मध्ये आझुमा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी या एका जातीचा मायटोकाँड्रियातला डीएनए भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत तपासला, तेव्हा तिचे सात गट पडले. पश्चिम बंगाल सोडून बाकीच्या भारतातले हुमले एका गटात. बंगालचे हुमले मात्र इंडोचायना, मलाया आणि सुंदा बेटांच्या गटात. फिलिपिन्स, फ्लोरेस, सुलावेसी आणि हलमाहेरा यांचे गट वेगळे, आणि न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाचा एक. ऑस्ट्रेलियातल्या कामकरी मुंग्यांचं पोट हिरवं असतं, आपल्याकडे कामकरी तांबूस-नारिंगी आणि हिरवी फक्त राणी.

तात्यांच्या बागेशी याचा संबंध काय, असं कोणीही विचारेल. संबंध आहे. उद्या कोणी या सात गटांना वेगवेगळ्या जाती ठरवल्या, तर कोकणातल्या हुमल्यांचं नाव काय राहील हे कोकणातल्या नमुन्यांवर ठरेल. केवळ फोटो आणि नाव लिहून ठेवलेली नोंद तेव्हा निरुपयोगी. म्हणून प्रत्येक वाडीतले काही हुमले ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवले, म्हणजे त्यांच्यातला डीएनए टिकतो. काही त्रिकोणी कार्डाच्या टोकावर चिकटवून टाचणीवर लावले, आणि चिठ्ठीवर गाव, वाडी, अक्षांश-रेखांश, तारीख, झाड आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलं. चिठ्ठी नसलेला नमुना मी कचरा समजतो.

आता दुसरा प्रश्न. जगाच्या नकाशावर ही जात भारत आणि श्रीलंकेपासून आग्नेय आशिया, दक्षिण चीन, इंडोनेशिया, न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. ऊब आणि ओलावा जिथे वर्षभर पुरेसा, तिथे ती. कोकणपट्टी त्यात चपखल बसते, आणि म्हणूनच कुणीतरी ‘सर्वत्र’ लिहून मोकळं झालं असावं. पण गावाच्या पातळीवर हा शब्द चालत नाही. गाव फिरून पाहिलं तर हुमल्यांची जागा अगदी ठरलेली निघाली.

खाडीकाठी तिवर आणि कांदळ संपून माड, उंडी, करंज सुरू होतात त्या कडेला ते होते. उताराच्या वाड्यांत आंबा, काजू, फणस, कोकम, जांभूळ अशी झाडं एकमेकांत घुसलेली, तिथे तर जागोजागी. वर कातळाच्या सड्यावर मात्र नाहीत. पावसाळ्यात फुलांनी भरणारा आणि मार्चपासून तापून निघणारा तो उघडा जांभा; त्यावर करवंदीची जाळी आणि लांब लांब उभी असलेली वडाची झाडं. वडाचं पान रुंद असूनही तिथे हुमले सापडले नाहीत. कारण विचारात घ्यायला हवं: या मुंगीला जिवंत, वाकणारी, एकमेकांना टेकणारी पानं लागतात आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला वाट लागते. एकटं झाड कितीही मोठं असलं तरी पूर्ण वाढलेल्या वसाहतीला ते बहुधा पुरत नाही.

घरटं होताना पाहिलं की हे नीट कळतं. परसातल्या जांभळीवर दोन पानांमध्ये बोटभर अंतर होतं. एका पानाच्या कडेला हुमल्यांची रांग मागचे पाय रोवून उभी, पुढे झुकून जबड्याने समोरचं पान पकडायच्या खटपटीत. अंतर जास्त होतं तिथे एकाने दुसऱ्याची कंबर धरली, दुसऱ्याने तिसऱ्याची, आणि अशा साखळ्या तयार झाल्या. पान हळूहळू ओढलं गेलं. मग घरट्याच्या आतून काही हुमले अळ्या घेऊन आले. अळी जबड्यात अलगद धरून तिचं डोकं एका पानाच्या कडेला टेकवायचं, तिथून दुसऱ्या पानाला, पुन्हा पहिल्याला. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं आणि हातमागावरच्या धोट्यासारखी ती इकडून तिकडे फिरते. या जातीच्या अळ्या स्वतःसाठी कोष विणत नाहीत. सगळं रेशीम घरट्यात जातं, कोशित उघडेच राहतात. पान वाळलं की घरटं सोडून नवं बांधलं जातं.

यातूनच जुन्या पद्धतीच्या मोजणीतला घोटाळा दिसतो. समितीच्या मुलांनी आधी घरटी मोजली होती आणि बाग ‘भरलेली’ आहे असा निष्कर्ष काढला होता. पण त्यांतली कितीतरी तपकिरी, वाळकी, रिकामी घरटी होती. आणि हिरवी घरटी म्हणजे तरी तितक्या वसाहती नव्हेत. हुमल्यांची एक वसाहत अनेक झाडांवर, शंभराहून जास्त घरट्यांत पसरू शकते. तिच्यात पाच लाखांपर्यंत कामकरी असू शकतात, आणि राणी बहुतेक वेळा एकच, एखाद्या घरट्यात लपलेली. घरटं मोजणं म्हणजे खोल्या मोजून कुटुंबं सांगणं.

मग वसाहतींच्या हद्दी कशा शोधायच्या? हुमलेच सांगतात. एका घरट्याजवळचे काही हुमले पानासकट कापून दुसऱ्या झाडावरच्या घरट्याजवळ ठेवले. एकाच वसाहतीचे असले तर समोरासमोर आल्यावर मिशा लावतात, क्षणभर थांबतात आणि आपापल्या वाटेने जातात. तात्यांच्या बागेत खालच्या काजूपासून गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) वर कलमांपर्यंत असंच होत गेलं. गडगा हीच त्यांची वाट होती. पण विहिरीपलीकडच्या फणसावर तेच पान ठेवताच तिथले हुमले जबडे उघडून, पोट वर करून थबकले. मग एकाने पाय पकडला, दुसऱ्याने समोरचा पाय, तिसऱ्याने मिशी, आणि आलेल्या हुमल्याला चारी दिशांना ताणून धरलं. नाकाला शिरक्यासारखा वास झोंबला. फणस आणि कलमं यांच्यामधल्या दोन झाडांवर एकही हुमला फिरत नव्हता. ती दोन वसाहतींमधली मोकळी पट्टी होती. कडेच्या पानांवर तपकिरी ठिपके होते. आपल्या हद्दीत हुमले विष्ठेचे असे ठिपके टाकतात आणि त्यांच्या वासावरून आपली हद्द ओळखतात.

अशा रीतीने वरच्या वाडीचा नकाशा घरट्यांच्या ठिपक्यांऐवजी वसाहतींच्या हद्दींचा झाला. त्यात आणखी एक गोष्ट कळली. दोन घरांमधल्या विजेच्या तारेवरून आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवरून हुमल्यांची ये-जा होती, म्हणजे झाडांमधलं अंतर आहे म्हणून वसाहती वेगळ्या, हे गृहीत धरून चालत नाही.

हा नकाशा हाती आल्यावर तात्या आणि वहिनी या दोघांचंही म्हणणं तपासता आलं. काजूवरचा ढेकण्या, म्हणजे टी मॉस्किटो बग, कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषतो. त्याच्यासाठी पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा तीन टप्प्यांवर फवारण्या होतात. याच किडीसाठी केरळातल्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हवाई फवारणीने एंडोसल्फान मारलं गेलं, आणि तिथल्या माणसांनी काय भोगलं ते देशाला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली. हुमले असलेल्या काजूवर ढेकण्याला थारा मिळत नाही, कारण हुमले पालवीवर सतत फिरतात आणि हाताला लागेल तो कीटक उचलतात. उत्तर ऑस्ट्रेलियात रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी काजू आणि आंब्याच्या बागांत यावर दीर्घ काम केलं आहे. वहिनींचं निरीक्षण त्याच्याशी जुळतं.

तात्यांचंही अर्धं बरोबर. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड गोड चिकट स्राव सोडतात. हुमले तो पितात आणि बदल्यात त्या किडीला तिच्या शत्रूंपासून राखतात. उरलेला स्राव पानांवर पडून त्यावर काळी बुरशी चढते. पण हुमले नाहीत तिथे पिठ्या नाही, असं नाही. तात्यांच्याच हद्दीतल्या हुमले नसलेल्या कलमांवरही तो होता. म्हणजे हुमले पिठ्या जन्माला घालत नाहीत, त्याला पोसतात. औषध फवारून हुमले मारले तर काजूचा राखणदार जातो आणि पिठ्या तरीही उरतो.

ठरलं ते असं. जाळायचं नाही. काढणीच्या कलमांच्या ज्या फांद्या गडग्याला आणि काजूला टेकतात त्या छाटून वाट तोडायची, म्हणजे काजूवरची वसाहत तिथेच राहील आणि कलमं मोकळी होतील. पिठ्या असलेल्या आतल्या दाट फांद्या काढून टाकायच्या. पेंग आणि ख्रिश्चन यांच्या पद्धतीत एकाच वसाहतीच्या झाडांना दोरी बांधून जोडतात आणि वेगवेगळ्या वसाहतींच्या झाडांमधल्या फांद्या तोडतात, नाहीतर दोघी आपसांत लढून कमजोर होतात. पण कोणत्या झाडांना जोडायचं आणि कुठली तोडायची, हे वसाहतीचा नकाशा नसेल तर कळणारच नाही. उतरवणीला गड्यांनी हातांना राख चोळायची हा तात्यांच्या वडिलांच्या वेळचा उपाय पुन्हा सुरू झाला.

नोंदवहीतली जुनी ओळ खोडली नाही. तिच्या शेजारी तारीख घालून ‘चार जाती मिसळलेल्या’ असा शेरा मारला. खाली चार वेगळ्या नोंदी केल्या. हुमल्यांची नोंद अशी: ‘हुमला. इकोफिला स्मॅरॅग्डिना (फॅब्रिशियस, १७७५). कुळ फॉर्मिसिडी, उपकुळ फॉर्मिसिनी. देशी. खाडीकाठचा झाडोरा, उताराच्या वाड्या: आढळला. झाडं: आंबा, काजू, फणस, जांभूळ, कोकम, करंज. सडा: शोधला, आढळला नाही. वरच्या वाडीच्या वसाहतींचा नकाशा जोडला आहे. नमुने शाळेच्या कपाटात.’ ‘शोधला, आढळला नाही’ हे शब्द लिहायला समिती आधी तयार नव्हती, नसलेल्याची नोंद कशाला, असं त्यांना वाटत होतं. पण न शोधणं आणि शोधून न सापडणं यांत फरक आहे, आणि हुमल्यांचा वावर पुढे सरकला की आटला हे त्या शब्दांवरूनच ठरवता येईल.

सड्याच्या कडेला आता नवी काजू लागवड होते आहे. तिथली झाडं एकमेकांना टेकायला लागली की हुमले वर चढतील. पावसाळ्याच्या सुरुवातीला पंखवाल्या राण्या उडतात. त्यांतली एखादी पानाआड एकटीच अंडी घालून नवी वसाहत सुरू करते, आणि ती भरायला काही वर्षं जातात. म्हणून लागवडीच्या आणि वडांच्या झाडांना क्रमांक दिले आहेत. दर वर्षी पाऊस ओसरल्यावर समितीने तीच झाडं पाहून त्याच क्रमांकापुढे आहे किंवा नाही लिहायचं आहे.